बीएमडब्ल्यूच्या आर १८ घराण्याबद्दल मतं हवीत (साधी, क्लासिक, बी आणि ट्रान्सकॉन्टिनेंटल)

निवांत_चाक (धागाकर्ता)

मंडळी, इथे जड क्रूझरची (निवांत फिरायच्या मोठ्या मोटरसायकलींची) चर्चा निघाली की ती हार्ली विरुद्ध इंडियन (दोन्ही अमेरिकन कंपन्या) या एकाच वाटेने जाते आणि तिसऱ्या पानावर कुणीतरी रुसून जातं. म्हणून हा वेगळा धागा. विषय फक्त आर १८ आणि तिची भावंडं.

ज्यांनी लक्ष दिलं नसेल त्यांच्यासाठी: २०१९ मध्ये बीएमडब्ल्यूने संकल्पना म्हणून दाखवलेली गाडी २०२० मध्ये आर १८ म्हणून बाजारात आली. मागोमाग काच आणि बॅगा लावलेली क्लासिक, २०२१ मध्ये पुढे मोठं फेअरिंग (वारा अडवणारं आवरण) असलेली बी (म्हणजे बॅगर) आणि टॉपकेससकट (मागच्या उंच पेटीसकट) सगळा संसार घेऊन निघालेली ट्रान्सकॉन्टिनेंटल, आणि २०२३ मध्ये रॉकटेन. सगळ्यांत इंजिन एकच. १८०२ सीसी, दोन आडवे सिलिंडर, हवा आणि तेलावर थंड होणारं. २०२४ पर्यंतच्या गाड्यांना ९१ एचपी ४७५० आरपीएमला आणि १५८ न्यूटन-मीटर टॉर्क ३००० आरपीएमला.

मी साधी आर १८ आणि बी या दोन्ही चालवून पाहिल्या, ट्रान्सकॉन्टिनेंटलवर नुसता बसलो. स्टार्टर दाबला की गाडी जागच्या जागी कूस बदलल्यासारखी हलते. उभ्या गाडीवर थ्रॉटल पिळलात तर उजवीकडे झुकल्याचं मांड्यांना स्पष्ट कळतं. क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीत बसवलेली असली की हे व्हायचंच, पण एवढ्या मोठ्या पिस्टनांचं ते जरा जास्तच जाणवतं. मोड तीन: रेन, रोल, रॉक. रॉकमध्ये आयडलिंगला आरशात मागचं काही धड दिसत नाही. गाडी हलायला लागली की मात्र सगळं सुतासारखं सरळ. २००० ते ४००० आरपीएममध्ये टॉर्क १५० च्या खाली येतच नाही, त्यामुळे गिअर कोणता आहे याचा विसर पडतो.

माझं मत विचाराल तर साधी आर १८ आवडली, बी पटली, ट्रान्सकॉन्टिनेंटलचं प्रयोजन कळलं नाही. चालवलेल्यांनी लिहा. न चालवलेल्यांनीही लिहा, पण तसं सांगून लिहा.

तेलकट_हात

गाडी चालवली कमी, उघडी पाहिली जास्त. त्यामुळे इंजिनापुरतं बोलतो.

लोक १८०२ चा आकडा बघून खूश होतात, मला त्याहून मजा वाटली ती कॅमशाफ्टची. या इंजिनात पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्या) आहेत, पण त्यांना हलवणारी कॅमशाफ्ट एक नाही, दोन आहेत. क्रँकच्या वरच्या अंगाला डावी-उजवीकडे एकेक, चेनवर फिरणाऱ्या. १९३६ च्या आर ५ मध्ये हीच मांडणी होती. तिथे इंजिन ४९४ सीसीचं होतं, इथे त्याच्या साडेतीन पट. दोन कॅमशाफ्टमुळे पुशरॉड आखूड होतात, आखूड म्हणजे हलके आणि ताठ, त्यामुळे व्हॉल्व्हची हालचाल नेमकी राहते. ओव्हरहेड कॅम बसवला असता तर आधीच रुंद असलेलं इंजिन आणखी रुंद झालं असतं. म्हणजे जुन्याची नक्कल दिसते, पण त्यामागे हिशेब आहे.

दुसरं, बॉक्सरमध्ये (अशा समोरासमोर आडव्या सिलिंडरच्या इंजिनात) दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत, त्यामुळे मोठे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. पण बोअर १०७.१ मिमी आणि स्ट्रोक १०० मिमी केल्यावर क्रँक मधोमध वाकायला बघते. म्हणून मधे एक जादा मेन बेअरिंग दिलंय. गिअरबॉक्ससकट या गठ्ठ्याचं वजन ११०.८ किलो. साध्या आर १८ चं एकूण वजन ३४५ किलो, म्हणजे जवळपास एक तृतीयांश गाडी हे इंजिनच आहे.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) स्क्रू आणि लॉकनटवर सेट होतात. सिलिंडर बाहेर आलेले असल्यामुळे टाकी, सीट, फेअरिंग कशालाच हात लावावा लागत नाही. बाजूला स्टूल घेऊन बसायचं, झाकण काढायचं, एका बाजूचे चारही व्हॉल्व्ह समोर. फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवताना जो हलका अडकाव हाताला लागतो तो इथे मान वाकडी न करता तपासता येतो. हार्लीच्या मिलवॉकी-एट इंजिनात फट आपोआप राखणारे हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, तिथे हे काम निघतच नाही, हेही खरं. ज्याला हात काळे करायची हौस नाही त्याच्यासाठी तो मोठा फायदा आहे. मला हौस आहे.

सहा_सिलिंडर

चालवलेली नाही, आधीच सांगतो. पण कागदावर एक गंमत दिसते ती मांडल्याशिवाय राहवत नाही.

याच कंपनीची के १६०० जीटीएल आहे. सहा सिलिंडर, १६४९ सीसी, १६० एचपी, वजन ३५८ किलो. आणि ही ट्रान्सकॉन्टिनेंटल: ९१ एचपी, ४२७ किलो. वजाबाकी करून बघा. ६९ किलो जास्त आणि ६९ घोडे कमी. ठरवून केलं असतं तरी इतकं जुळलं नसतं.

दोन्ही एकाच दुकानात शेजारी शेजारी उभ्या. दोघं जण, सामान, लांबचा पल्ला, हे काम जीटीएल झोपेत करते. मग ट्रान्सकॉन्टिनेंटल कुणासाठी? नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

निवांत_चाक

सहाभाऊ, वजाबाकी बिनतोड आहे. पण तुमचे १६० घोडे ६७५० आरपीएमला भेटतात. क्रूझरवर बसणारा माणूस तिथे जातच नाही, आणि जायचं असेल तर त्याने क्रूझर घेऊ नये. ३००० च्या आसपास डोंगरातल्या वळणांवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जी खेच लागते ती आर १८ कडे भरपूर आहे.

मात्र तुमचा मूळ प्रश्न माझाही आहे. मी त्याचं उत्तर शोधतोय, बचाव करत नाहीये.

टाचांवर_उभी

मी जड टूरर (लांबच्या प्रवासाच्या गाड्या) बरीच वर्षं चालवते. आयडीवरून उंचीचा अंदाज आला असेलच. आर १८ क्लासिक आणि ट्रान्सकॉन्टिनेंटल दोन्ही चालवल्या आहेत.

वजनाच्या आकड्यावर मारामारी चालते ती मला नेहमी अर्धवट वाटते. साठच्या वेगाला ४२७ किलो आणि ३४५ किलो यांत फारसा फरक कळत नाही, उलट जड गाडी वाऱ्याला दाद देत नाही. फरक कळतो तो चालण्याच्या वेगाला आणि त्याहून खाली. म्हणजे पार्किंगमध्ये, उतारावर उलटी काढताना, खडीवर यू-टर्न घेताना. तिथे किती किलो यापेक्षा ते किलो कुठे बसवलेत याला महत्त्व.

बॉक्सरचं इंजिन खाली आणि पसरलेलं असतं. साध्या आर १८ ची सीट ६९० मिमी, क्लासिकची ७१०. दोन्हींवर माझे दोन्ही तळवे टेकतात आणि गाडी स्टँडवरून सरळ करताना वाटतं तेवढा जोर लागत नाही. बीची सीट ७२०, ट्रान्सकॉन्टिनेंटलची ७४०. आकड्यात फरक बोटभर दिसतो, पण पुढे हँडलबरोबर फिरणारं ते भलं मोठं फेअरिंग, मागे उंचावर टॉपकेस, आणि टाकी १६ लिटरवरून २४ लिटर. हे सगळं वजन वरच्या मजल्यावर आहे. टाकी काठोकाठ भरल्यावर आणि अर्धी असताना गाडी स्टँडवरून उचलून बघा, सांगायची गरज उरणार नाही.

आणि कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सिलिंडर नडगीच्या बरोबर पुढे, त्याच्या मागे फूटबोर्ड. थांबताना पाय टेकवायला मधे जी जागा उरते ती मोजकी आहे. लांब पायांच्या माणसांना ती जागा वेगळी पडते, आखूड पायांच्यांना वेगळी. शोरूममध्ये बूट घालून बसून बघा, चपलेवर नको.

रिव्हर्स असिस्ट (मोटरने गाडी मागे सरकवायची सोय) घेतला नाही तर ट्रान्सकॉन्टिनेंटल घेऊच नका असं माझं स्वच्छ मत.

जुनाट_माणूस

टाचांवर ताई, पायांचा मुद्दा काढलात म्हणून.

अमेरिकन क्रूझरचा अर्धा आनंद पाय पुढे पसरण्यात असतो. आर १८ मध्ये ते होऊच शकत नाही, कारण पाय जिथे जायला हवेत तिथे इंजिन आहे. बीएमडब्ल्यूला हे ठाऊक नव्हतं असं नाही. १९९७ ते २००४ त्यांनी आर १२०० सी नावाची क्रूझर काढली होती, ११७० सीसी आणि ६१ एचपी. तिथेही हीच अडचण होती. बॉक्सरची क्रूझर म्हटली की बसणं पाय खाली आणि पाठ ताठ, खुर्चीत बसल्यासारखं.

मला हे आवडतं. पाय पुढे टाकून बसलं की खड्ड्याचा सगळा मार माकडहाडावर येतो, पायांवर भार घेऊन कंबर उचलता येत नाही. इथे ती उचलता येते. आणि उचलावी लागते, कारण साध्या आर १८ ला मागच्या सस्पेन्शनचा प्रवास जेमतेम ९० मिमी.

पण ज्याला पाय पसरूनच जायचंय त्याने या धाग्यावर वेळ घालवू नये. त्याचं भांडण बॉक्सरच्या आकाराशी आहे, कंपनीशी नाही.

सहा_सिलिंडर

९० मिमी? आणि याला महाग क्रूझर म्हणायचं?

जुनाट_माणूस

अहो, हार्लीच्या रोड ग्लाइड-स्ट्रीट ग्लाइडला २०२४ च्या आधी मागे ५४ मिमी होता. तो वाढवून ७६ केला तर जगभर कौतुक झालं. क्रूझरमध्ये मागची बाजू खाली दिसायला हवी, आर १८ मध्ये तर ती जुन्या सस्पेन्शन नसलेल्या फ्रेमसारखी दिसायला हवी. स्प्रिंग सीटखाली लपवलीय. देखणेपणाची किंमत कंबरेने भरायची.

वायरतोड्या

इंजिनावर सगळे फिदा, स्क्रीनवर कुणीच बोलेना. बी आणि ट्रान्सकॉन्टिनेंटलला १०.२५ इंची स्क्रीन आहे, तिच्या वर चार काटेवाले डायल. दिसायला सुरेख. स्पीड, आरपीएम, पेट्रोल आणि चौथा किती ताकद शिल्लक आहे ते दाखवणारा. हा चौथा काटा कुणी बघतं का हा संशोधनाचा विषय आहे.

माझा आक्षेप नेव्हिगेशनवर. नकाशा गाडीत नाही, तुमच्या फोनमध्ये आहे. फोन कंपनीच्या अॅपला जोडायचा, मग स्क्रीनवर नकाशा येतो. फोनसाठी टाकीवर एक कप्पा दिलाय, त्यात चार्जिंग आणि फोन तापू नये म्हणून छोटा पंखासुद्धा. म्हणजे अडचण माहीत होती, तिच्यासाठी पंखा बसवला, पण गाडीतच नकाशा काही बसवला नाही. ट्रान्सकॉन्टिनेंटल, म्हणजे खंड ओलांडणाऱ्या गाडीला रस्ता विचारायला खिशातला फोन लागतो. हार्लीने २०२४ च्या ग्लाइड जोडगोळीला १२.३ इंची टचस्क्रीन दिली, नकाशा आतच.

रडारवाला क्रूझ कंट्रोल मात्र कामाची गोष्ट. पुढच्या गाडीशी अंतर धरून ठेवतो, वळणावर वेग थोडा कमी करतो. लांबच्या सरळ रस्त्यावर उजव्या मनगटाला जो आराम मिळतो तो दहा डायलनी मिळणार नाही. स्पीकर मार्शलचे आहेत. शंभरच्या पुढे हेल्मेटमध्ये ते किती ऐकू येतात ते ज्याचं त्याने ठरवावं. मी बंद ठेवीन.

मागची_सीट

मी चालवत नाही, मागे बसते. पण मागे बसण्यातला अनुभव इथल्या बऱ्याच जणांच्या चालवण्यातल्या अनुभवापेक्षा जास्त असेल, म्हणून आगाऊपणा करते.

धागाकर्ते म्हणतात ट्रान्सकॉन्टिनेंटलचं प्रयोजन कळलं नाही. साहजिक आहे, ते पुढे बसले होते. साध्या आर १८ ची सीट मुळात एकट्यासाठी. बीला मागे सीट आहे पण अरुंद, आणि पाठीला काही नाही. ब्रेक लागला की पुढे, थ्रॉटल पिळला की मागे. १५८ न्यूटन-मीटर तुम्हाला मजा देतात, आम्हाला पकडायला काहीतरी लागतं. ट्रान्सकॉन्टिनेंटलला टॉपकेसला टेकून बसता येतं, सीट गरम होते, पाय सुटे पडत नाहीत. प्रयोजन एवढंच आहे आणि ते पुरेसं आहे.

माझी तक्रार दुसरीच आहे. या गाडीचं परवानगी असलेलं एकूण वजन ६३० किलो. त्यातून ४२७ वजा केले की उरले २०३. यात चालवणारा, मागची, दोघांची हेल्मेटं, जॅकेटं, बूट आणि तीन पेट्यांतलं सामान. बाजूच्या पेट्या २७-२७ लिटरच्या, वरची ४८ लिटरची. दोन धडधाकट माणसं पूर्ण पोशाखात बसली की हिशेब जवळपास संपतो, पेट्या रिकाम्याच न्यायच्या. गंमत म्हणजे बीचंही एकूण वजन ६३० च आणि गाडी ३९८ किलोची. म्हणजे जी गाडी सामान नेण्यासाठी नाही तिला २३२ किलो चालतात, आणि जी आहे तिला २९ कमी.

सहा_सिलिंडर

मागची_सीट ताई, दंडवत. माझी वजाबाकी तुमच्यापुढे फिकी.

निवांत_चाक

खरंच. हा हिशेब मी केलाच नव्हता. आमच्या दोघांचं वजन इथे जाहीर करत नाही, पण ट्रान्सकॉन्टिनेंटल यादीतून जवळपास गेली असं समजा.

तेलकट_हात, एक विचारायचं होतं. एवढं मोठं हवेवर थंड होणारं इंजिन, गर्दीत अडकलं की तापून हैराण करत असेल ना? मी चालवली तेव्हा रस्ता मोकळा होता.

तेलकट_हात

तापणार तर आहेच, १८०० सीसी आहे. पण उष्णता जाते कुठे हा प्रश्न आहे.

व्ही-ट्विनमध्ये (हार्लीसारख्या, व्ही आकारातल्या दोन सिलिंडरच्या इंजिनात) मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला आणि तुमच्या मांड्यांच्या मधोमध. त्याला वारा कमी मिळतो आणि तुम्हाला त्याची ऊब जास्त मिळते. म्हणून तर काही मोठ्या व्ही-ट्विन सिग्नलला थांबल्यावर मागचा सिलिंडर बंद करतात. बॉक्सरचे दोन्ही सिलिंडर वाऱ्यात सारखेच उघडे, एक दुसऱ्याच्या सावलीत नाही. गाडी चालू असेपर्यंत हे फार छान चालतं. थांबलात की वाराच नाही, मग गरम हवा नडगीपाशी आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला चढते. मांडी वाचते, नडगी शेकते. जाड बूट असतील तर सुसह्य. थंडीत तर कौतुकच वाटेल.

बी आणि ट्रान्सकॉन्टिनेंटलवर फेअरिंग असल्यामुळे वरून येणारा वारा अडतो. ज्यांना वारा नको म्हणून काच हवी असते, त्यांनाच मग गरम होतं म्हणून तक्रार करायची असते. दोन्ही एकदम मिळत नाही.

चेनऐवजी मागचं चाक फिरवणाऱ्या शाफ्टबद्दलही एक. ती चकचकीत निकेल चढवलेली शाफ्ट उघडी फिरते, आर ५ मध्ये फिरायची तशीच. उभी गाडी बघायला गर्दी जमते ती तिथेच. पण पावसातून आल्यावर तिच्या जोडापाशी जो चिखल बसतो तो वेळेवर काढावा लागतो, नाहीतर वर्षभरात तिचं तेज जातं. चेनला तेल घालण्यापेक्षा हे सोपं आहे, एवढं कबूल. रोज वापरणाऱ्याने मात्र मऊ फडका डिकीत ठेवावा.

वळणवेडा

सगळं वाचलं. क्रूझरवाल्यांनो, वळणाबद्दल एक शब्द नाही?

साधी आर १८ साधारण ३२ अंशांपर्यंत झुकते, मग पायाखालचं काहीतरी रस्त्याला लागतं. सिलिंडर नव्हे हं, लोकांना वाटतं सिलिंडर घासेल. आधी पेग (पाय ठेवायची दांडी) घासतो. व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १७३१ मिमी. सोप्या मराठीत, ही गाडी वळते, पण तिची परवानगी काढून. फेअरिंगवाल्या दोघींची चेसिस वेगळी आहे, व्हीलबेस १६९५ आणि पुढचा काटा बराच उभा. त्यामुळे जड असूनही बी वळणात साध्या आर १८ पेक्षा चपळ वाटते. कुणाला पटणार नाही, पण लागोपाठ चालवून बघा.

निवांत_चाक

पटतं. मला बी पटली म्हटलं त्याचं अर्धं कारण हेच. साध्या आर १८ वर संथ वळणात पुढचं १९ इंची चाक आत पडायला बघतं, तसं बीवर झालं नाही.

बिनधास्त_बबन

चारशे किलोची गाडी पडली तर उचलायची कशी, हे आधी सांगा. बाकी आकडे नंतर.

टाचांवर_उभी

बबनराव, बॉक्सर पडली तरी पूर्ण आडवी होत नाही, हा तिचा मोठा गुण. सिलिंडरवर टेकून अर्धवट राहते. व्ही-ट्विन टूररला त्यासाठी वेगळे बार लागतात. झाकणाला ओरखडा जातो, पण पाय अडकायची भीती कमी आणि उचलायला सुरुवातीचा कोन सोपा मिळतो. पद्धत तीच: पाठ गाडीकडे, सीटच्या कडेला कंबर टेकवायची, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची फ्रेम किंवा ग्रॅब रेल, आणि छोटी छोटी पावलं मागे टाकत पायांनी ढकलायची. हाताने ओढायला गेलात तर पाठ गेली. गाडी उजव्या अंगाला पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडा, नाहीतर सरळ करता करता दुसरीकडे पडेल. गाडी गिअरमध्ये असली तर मागचं चाक सरकत नाही.

पण उचलण्यापेक्षा न पडणं स्वस्त. साध्या आर १८ मध्ये ब्रेकची एक गोष्ट समजून घ्या. हाताचा लिव्हर पुढचे आणि मागचा, दोन्ही ब्रेक लावतो. पायाचा पेडल फक्त मागचा. चालण्याच्या वेगाला हँडल वळलेलं असताना हाताचा ब्रेक चिमटला की पुढचं चाक जागीच थिजतं आणि सगळं वजन आतल्या बाजूला कोसळतं. माझ्या डोळ्यांसमोर एका चांगल्या चालवणाऱ्याची दुसऱ्याच कंपनीची जड टूरर अशीच पार्किंगमध्ये बसली, वेग जवळजवळ शून्य होता. तेव्हा संथ वळणात उजवा हात ब्रेकवरून काढूनच टाकायचा. क्लच अर्धा सोडलेला, थ्रॉटल अगदी किंचित आणि एकसारखा, आणि वेग पायाच्या ब्रेकने धरायचा. नजर जिथे जायचंय तिथे, चाकाकडे नाही.

एक सावधगिरी. आर १८ चा क्लच सुका, एका प्लेटचा आहे. बऱ्याच क्रूझरमध्ये तेलात बुडालेला असतो, तो अर्ध्यावर धरलेला बराच सोसतो. सुका क्लच तितका सोसत नाही. मोकळ्या मैदानात तासभर आठचा आकडा गिरवत बसलात तर वास येईल. थोडं करा, थांबा, परत करा.

तेलकट_हात

+१. शेवटचा परिच्छेद सोन्याचा. सुका क्लच जळका वास देतो तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं.

सहा_सिलिंडर

रिव्हर्स असिस्ट कसा चालतो? के १६०० वर आहे तसाच?

टाचांवर_उभी

काम तेच, तऱ्हा वेगळी. इथे डावीकडे एक छोटी दांडी आहे. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, दांडी फिरवायची, मग स्टार्टरचं बटण दाबून धरायचं की इलेक्ट्रिक मोटर गाडी मागे सरकवते. बटण सोडलं की थांबते. पाय दोन्ही खाली मोकळे राहतात, तोल तुम्हीच सांभाळायचा. दांडीपर्यंत हात नेताना गाडी एका हातावर असते, हे उतारावर लक्षात ठेवा. आधी गाडी सरळ करून स्थिर करा, मगच वाका.

जुनाट_माणूस

आता धागाकर्त्यांनी सांगून टाकावं. कोणती?

माझं मत देतो. एकट्याने फिरायचं आणि गाडी उभी असतानाही बघत बसायचं असेल तर साधी आर १८. काच काढता-घालता येते म्हणून अधूनमधून लांब जाणाऱ्याला क्लासिक, तीच मी निवडली असती. ३६५ किलोत काम होतं, अंगावर फेअरिंग नाही, स्क्रीनचा जाच नाही. ट्रान्सकॉन्टिनेंटल म्हणजे हत्ती चांगला होता, त्यावर अंबारी चढवली.

मागची_सीट

अंबारीत कोण बसतं ते विसरू नका.

निवांत_चाक

हा हा. घरूनही हेच ऐकायला मिळालं.

क्लासिकचा विचार मी केलाच नव्हता, कारण पुढचं १६ इंची चाक आणि ती काच मला फोटोत अवजड वाटली होती. आता जुनाट काकांमुळे परत बघतो. बीबद्दल अडतंय ते मागच्या सीटवर. चेसिस तिची चांगली, सीट नाही. कुणी बीला पाठीचा आधार किंवा वेगळी सीट बसवली आहे का? कारखान्याची असो वा बाहेरची. मागे बसणाऱ्याने काय म्हटलं तेही लिहा, चालवणाऱ्याचं मत चालणार नाही.

वळणवेडा

कारखान्याच्या यादीत पाठीच्या आधाराचे पर्याय आहेत. पण बसवण्याआधी मागच्या कॅरिअरचे बोल्ट नेमके कुठे येतात ते बघून घ्या. काही बाहेरचे आधार इतके मागे येतात की पाठ टेकायला मागच्याला झोपावंच लागतं. आणि शोरूमला सांगा, दोघांनी बसून अर्धा तास तरी फिरवू द्या. पाच मिनिटांत कुठलीही सीट मऊच लागते.